एका नावाच्या दोन कुंड्या

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागा फुलोऱ्यात आल्या की आमच्या लॅबमध्ये देठ परीक्षणाची, म्हणजे पानांच्या देठातली अन्नद्रव्यं तपासण्याची, झुंबड उडते. अशाच गर्दीत नाशिकच्या गंगापूर रोडकडचे एक नर्सरीवाले दोन कुंड्या काखोटीला मारून आले. दोन्हींवर एकच चिठ्ठी : ‘हीदर’. एक हिरवीगार, जांभळ्या फुलांनी लगडलेली. दुसरीचे शेंडे पिवळे, जवळजवळ पांढुरके, आणि खालच्या फांद्या वाळायला लागलेल्या.

“ताई, माती एक, पाणी एक, खत एक. मग हीच का रुसली? माती तपासून द्या.”

माती कुठे पळून जात नव्हती. मी आधी भिंग काढलं.

हिरव्या झाडाची पानं समोरासमोर, जोडीजोडीने. फुलाला सहा सुट्या पाकळ्या, त्याही इस्त्री न केलेल्या रुमालासारख्या चुरगळलेल्या. डाळिंबाच्या फुलाची पाकळी जवळून पाहिलेल्याला ती चूण ओळखीची वाटेल, कारण कूळ एकच : मेंदी, तामण, डाळिंब आणि ही मेक्सिकोकडची कुफिया. नर्सऱ्यांत ती ‘मेक्सिकन हीदर’ म्हणून विकली जाते, पण खऱ्या हीदरशी तिचं नातं काही नाही. कुंडीत, वाफ्यात, रस्त्याच्या दुभाजकात, कुठेही लावा, तक्रार करत नाही.

दुसरं झाड मात्र उटीकडून मागवलेलं, अस्सल एरिका, म्हणजे खरीखुरी हीदर निघालं. सुईसारखी पानं, दर पेराला चार-चारच्या वेढ्यात. पान उलटं केलं तर कडा आत वळलेल्या आणि मधोमध बारीक खाच. पाकळ्या सुट्या नाहीत, जोडून छोटी घंटा झालेली, तोंडाशी चार दाते. फूल वाळलं तरी गळत नाही, फांदीलाच चिकटून राहतं. तशी बरीच वाळकी फुलं त्यावर होती. एरिकाच्या आठशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपच्या निकस, आम्लधर्मी वाळूत वाढतात. तिथून उचलून हिला आपल्या काळ्या मातीत बसवलेलं!

आता मातीकडे वळले. कुंडीतली चिमूटभर माती वॉच ग्लासमध्ये घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले. चर्रर्र करून फेस आला. चुनखडी. नर्सरीवाले वाकून बघतच राहिले. सामू (पीएच) सव्वाआठच्या आसपास, बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. द्राक्षाच्या पानात हे लगेच कळतं, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. सुईएवढ्या पानात शिरा दिसणार कुठे? अख्खा शेंडाच पिवळा दिसतो, म्हणून माणूस रोग समजून फवारण्या मारत बसतो. यांनी निदान हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, तरी टाकली होती, पण चुनखडीत ती चार दिवसांत गंजासारखी बसते, मुळांच्या कामाची राहत नाही.

उपाय सांगितला. काळी माती मुळांना इजा न करता झटकायची. हिची मुळं केसासारखी बारीक असतात, ओढाताण चालत नाही. धुतलेलं कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत आणि जाड, चुनखडी नसलेली वाळू. सामू साडेपाचच्या आत-बाहेर. पाणी पावसाचं साठवलेलं. ते संपलं तर द्राक्षवाले ड्रिपमध्ये करतात तसं आम्ल घालून सामू उतरवलेलं. लगेच हिरवेपणा हवा असेल तर ईडीडीएचए चिलेटचं, म्हणजे धरून ठेवलेलं लोह, कारण साधं ईडीटीए चुनखडीच्या चढ्या सामूला टिकत नाही. शेणखताचा मारा नको, राख नको, अंड्याची टरफलं तर अजिबात नको. छाटणी हिरव्या फांदीवरच. जुन्या उघड्या लाकडातून फुटवा येईलच असं नाही. ऊन सकाळचं.

“आणि मे महिन्यात?”

“मातीची कुंडी, मुळांवर पालापाचोळा, दुपारी सावली. तरी गिऱ्हाइकाला विकू नका. बोअरच्या पाण्यावर ही पिवळी पडली की गिऱ्हाईक शिव्या देत परत आणेल. कुफिया विका, फक्त चिठ्ठी बदला.”

ते पटलं. कुंड्या उचलून ते दारापर्यंत गेले आणि वळले. “ताई, ब्लूबेरीची रोपं बुक केलीत. ते तर फळझाड. त्याला चालेल ना आपली माती?”

ब्लूबेरी एरिकाच्याच कुळातली. मी त्यांना परत बसवलं आणि चहा सांगितला.