तुम्ही विचारलेत म्हणून: मोडीतल्या औषधांविषयी

मी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचतो हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: जुन्या कागदांत एखादे विसरलेले रामबाण औषध सापडले का?

औषधांचे कागद पुष्कळ सापडतात. जमाखर्चाच्या रुमालात (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात), पत्राच्या पाठीवर, पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी खोकल्यावरचा किंवा मुळव्याधीवरचा उपाय टिपून ठेवलेला असतो. परंतु तो वाचता येणे वेगळे आणि घेता येणे वेगळे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडून लिहिण्याची रीतही नाही, त्यामुळे वनस्पतीचे नाव अनोळखी असेल तर नुसत्या अक्षरांवरून ते पक्के ठरत नाही. नाव लागले तरी वनस्पती कोणती हे उरतेच. ‘रास्ना’ म्हणून पश्चिम भारतात, बंगालमध्ये आणि दक्षिणेत तीन निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. वजनांचेही तसेच: तोळ्याचे १२ मासे हे ठीक, पण शेर प्रांतोप्रांती वेगळा. औषधात बचनाग किंवा सोमल यांसारखे विष असेल, तर मापातली चूक जिवावर बेतते. म्हणून मी कोणालाही औषध उतरवून देत नाही. त्यावरून काही नातेवाईक अजून रुसलेले आहेत.

खरे सांगायचे तर मी त्या कागदांत औषधापेक्षा रोगी शोधत असतो, आणि तो क्वचितच भेटतो. काय द्यावे हे लिहिलेले असते. कोणाला दिले आणि पुढे काय झाले, हे नसते. म्हणूनच तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील, दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीतील (१७९८ ते १८३२) नेत्ररोग्यांची टिपणे मला मोलाची वाटतात. त्यांत रोग्याच्या हकिकतीबरोबर डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत, आणि ती त्या त्या रोग्याच्याच डोळ्यांची आहेत.

एका घरच्या बाडात मात्र मला रोगी भेटला, तोही समासात. काढ्याच्या कृतीशेजारी दुसऱ्या वळणाच्या अक्षरात, फिकट शाईने लिहिले होते: ‘तीन दिवस दिल्हे. गुण नाही.’ रोगाचे नाव असलेली वरची ओळ वाळवीने खाल्ली होती. मी ते वाचून दाखवले, तेव्हा घरच्या आजोबांनी जरा पुढे सरकून विचारले, “पण मग हे औषध कशावरचे?”