उताऱ्यावरचा आकडा

सोमवार, रात्री

आज टायपिंगच्या दुकानात दिवसभर एकच काम पुरलं. जांबोटीकडच्या दोघा भावांची वाटणीची यादी. नोंदणीचा दस्त वकील कन्नडमध्ये करतील, पण घरात बसून वाचायला आणि आईला ऐकवायला त्यांना मराठीत हवी होती. खानापुरात अशी कामं येतात आणि मला ती मनापासून आवडतात. कुणाला कुठली पट्टी आली, विहिरीचं पाणी कुणी कधी घ्यायचं, सगळं आपल्या भाषेत समोर दिसतं.

उताऱ्यावर आकडे इंग्रजीत असतात, म्हणून टाईपही तसेच करतो. सर्वे नंबर १/२ लिहून स्पेस दिली आणि वर्डनं त्याचा अर्धा करून टाकला. बारीक एक, तिरकी रेघ, खाली बारीक दोन. खाली १/४ चा पाव. शेजारी बसलेले थोरले काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आमच्या नंबराचं अर्धं कशाला झालं गा?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर. १/२ म्हणजे सर्वे नंबर एक, हिस्सा दोन. अर्ध्याशी त्याचा काय संबंध? त्यात वाक्य होतं, 'सर्वे नंबर १/२ पैकी अर्धी जमीन थोरल्याकडे'. तिथं अपूर्णांक बसला तर पुढं वाचणारा अर्ध्यातलं अर्धं, म्हणजे पाव धरील. शेताच्या कागदात एवढ्यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. आमच्या भागात ते पाहिलंय.

तिथल्या तिथं कंट्रोल झेड एकदा दाबलं की मशीननं केलेला बदल तेवढा मागे जातो, आपण लिहिलेलं राहतं. पण दर वेळी कोण लक्ष ठेवणार? फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, तिथून ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. त्यात 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' असा भाग आहे. अपूर्णांकापुढची टिकची खूण काढून टाकली. आपोआप क्रमांक घालणाऱ्या यादीचीही काढली, कारण तिचा त्रास याहून मोठा. मधलं एक कलम रद्द केलं की खालचे सगळे नंबर सरकतात, आणि मजकुरात हातानं लिहिलेलं 'कलम ५ प्रमाणे' तसंच राहतं. कागद वरून नीटनेटका, आत चुकीचा. तीन आडव्या रेघा मारून एंटर दिलं की पानभर लांब रेघ येते, तीही बंद.

जुन्या कृतिदेवच्या फायली मात्र वेगळंच प्रकरण. त्या फॉन्टमध्ये आत सगळी इंग्रजी अक्षरंच असतात. छोटा 'e' म्हणजे म, मोठा 'E' म्हणजे अर्धा म्. वर्ड परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करतं, आणि 'मराठी'नं सुरू होणाऱ्या ओळीत म चा पाय मोडतो. अर्धा श् तर एकेरी अवतरणाच्या कळीवर आहे. वर्ड ते सरळ चिन्ह वाकडं करतं, की श गेलाच. शेत, शिवार, शाळा, सगळ्यांत श. अशी फाईल उघडण्याआधी ही दोन्ही बंद करावीत, नाहीतर नवी ओळ टाईप करूच नये. पहिल्या अक्षराची खूण ऑटोकरेक्टच्याच भागात आहे, सरळ-वाकड्या अवतरणाची ऑटोफॉरमॅटच्या.

मला वाटतं, या सगळ्या खुणा मुळात बंदच यायला हव्यात. ज्याला हव्यात त्यानं चालू कराव्यात. इंग्रजी पत्रं लिहिणाऱ्याला सोय होत असेल, मी नाही म्हणत नाही. पण सीमेवरच्या माणसाचा कागद आधीच दोन भाषांतून आणि दोन लिप्यांतून फिरतो. त्यात तिसऱ्यानं न विचारता हात घालू नये.

संध्याकाळी काकांनी छापलेली यादी बोट फिरवत उताऱ्याशी नंबर-नंबर ताडून बघितली. सगळे जुळले. धाकट्यासाठी आणखी एक प्रत मागितली, ती उद्या सकाळी काढून ठेवायची आहे. आणि दुसऱ्या मशीनवरच्या खुणाही काढायच्यात, तिथं शाळेचं काम येणार आहे.