तुम्ही विचारलंत म्हणून: एकटीची फिल्म केवढी धरायची?

माझी 2 मिनिटं 40 सेकंदांची फिल्म बघून झाली, की कोणीतरी हमखास विचारतं, "मलाही एकट्यानं अ‍ॅनिमेशन फिल्म करायचीय. किती मिनिटांची धरू?" विचारणारे बहुतेक नोकरी सांभाळून रात्री चित्रं काढणारे असतात, माझ्यासारखेच. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मिनिटं आधी ठरवू नका. मी तीच आधी ठरवली होती. बारा मिनिटं. कृष्णाकाठच्या आमच्या गावात पूल होण्याआधी नाव चालायची. तो नावाडी, त्याच्या नावेतून जाणारी शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, महापूर, मग पूल, आणि शेवटी काठावर उलथी पडलेली नाव, असं सगळं मला दाखवायचं होतं. दहा पात्रं, भरपूर संवाद. स्टोरीबोर्ड काढताना फार छान वाटायचं, कारण कागदावर एका चौकटीत वीस माणसं बसवायला पाच मिनिटं पुरतात.

मग एका जाणत्या मैत्रिणीनं सांगितलं, "सगळ्यात अवघड शॉट आधी पूर्ण कर. अगदी रंगासकट. आणि घड्याळ लाव."

मी चार सेकंदांचा शॉट घेतला. नावाडी तात्या वल्हं ओढून नाव वळवतात, एवढाच. सेकंदाला 24 फ्रेम, दर दोन फ्रेमला एक चित्र, म्हणजे सेकंदाला 12 आणि चार सेकंदांना 48 चित्रं. वल्हं मागे जाताना आधी टाच रुतते, मग कंबर वळते, मग खांदा, आणि मनगट सगळ्यात शेवटी येतं. हा क्रम जरा चुकला की तात्या नाव ओढतायत असं वाटतच नाही, नुसते हात हलवतायत असं वाटतं. कच्चं रेखाटन, पक्की रेघ आणि रंग धरून त्या शॉटला 26 तास लागले. म्हणजे एका सेकंदाला साडेसहा तास.

आता हिशोब करा. नोकरी आणि घर बघून मला आठवड्याला 14 तास मिळतात. बारा मिनिटांचे 720 सेकंद. गुणाकार-भागाकार केला तर जवळजवळ साडेसहा वर्षं, तीही एका वेळी एकच माणूस हलतोय असं धरून. त्या रात्री मी वही मिटली आणि दोन दिवस उघडली नाही.

उघडल्यावर उलटीकडून सुरुवात केली. मी किती काळ न कंटाळता हे करू शकेन? दीड वर्ष. म्हणजे साधारण 75 आठवडे, 1050 तास. त्यातले एक तृतीयांश बॅकग्राउंड, आवाज, एडिटिंग आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामासाठी बाजूला काढले. (हा वाटा काढायला लोक विसरतात. कृपा करून विसरू नका.) उरले 700 तास, म्हणजे पूर्ण हालचालीचे जेमतेम 107 सेकंद. बाकीचे पन्नासेक सेकंद स्थिर चित्रांवर, हळू सरकणाऱ्या दृश्यांवर आणि फिरून-फिरून तीच चित्रं येणाऱ्या पाण्याच्या लूपवर निघणार होते. माझी 2 मिनिटं 40 सेकंद आली ती अशी.

मग काय ठेवायचं? पूर गेला, पूल गेला, संवाद गेले. राहिले तात्या, नाव आणि पहाटेचं धुकं. खरं सांगायचं तर धुकं मी आधी पलीकडचा काठ रंगवायला लागू नये म्हणून आणलं. पण पलीकडचा काठ दिसेनासा झाला आणि तिकडून हाक तेवढी ऐकू यायला लागली, "ओ तात्याऽऽ, नाव आणाऽऽ!" पोरं, बाया, बाजारकरी सगळे त्या हाकांमध्ये आले आणि एकाचंही चित्र काढावं लागलं नाही. ज्या गोष्टीसाठी मला बारा मिनिटं हवी होती, ती तिथे सापडली. माझी आत्या त्याच नावेनं माहेरी यायची. तिनं डोळे मिटून तो भाग दोनदा ऐकला.

आता कोणी म्हणेल, लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिसनं तर 75 मिनिटांची 'अवे' एकट्यानं केली. केली, 2019 मध्ये ती आली. पण त्याआधी त्यानं एकट्यानंच शॉर्ट फिल्म केल्या होत्या, 'अवे'ला साडेतीन वर्षं दिली, आणि तिच्यात संवाद नाहीत. गोष्टही कशी, तर मोटरसायकलवर निघालेला एक मुलगा आणि सोबतीला एक पक्षी. एकट्या माणसाला पेलेल अशीच ती बेतलेली आहे.

मला मात्र जास्त आठवतात ते दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एक-एक फ्रेम घेतली. अंकुर वाढताना दाखवणारी ती फिल्म जेमतेम मिनिटभराची. ती बघून त्यांच्यावर पैसे लावायला माणूस तयार झाला. एक माणूस, एक कॅमेरा, एक कुंडी, आणि नट असा की तो आपला आपण वाढतो! मी अडले की त्या कुंडीचा विचार करते.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या गोष्टीतला जो शॉट काढायची भीती वाटते तो घ्या, तीन-चार सेकंदांचा, आणि रंगापर्यंत न्या. लागलेले तास कागदावर लिहा, अर्धा तास लागला असेल तर तोही. मग मला विचारायला या, आणि येताना तो कागद घेऊन या.