कासव, भाग ४ : डिंक सोडला, सुई धरली

शाळेत आम्ही किनाऱ्यावर सापडलेल्या बाटल्यांच्या बुचांचं कासव करतोय, त्याचं कवच टिकलं! दुपारभर उन्हात खांबाला टेकवून ठेवलं, मग सहावीच्या पोरांनी दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवलं, तरी एक बूच पडलं नाही. मागच्या नोंदीतली गळून पडणारी बुचं ज्यांनी वाचलीत त्यांना कळेल मी एवढी का हरखलेय.

सांगाडा तोच आहे, बांबूच्या कामट्या आणि जुनी कोंबडजाळी. कवच साधारण ६५ सेंटिमीटर लांब, म्हणजे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या खऱ्या मादीएवढं. घोडं अडलं होतं खवल्यांपाशी, म्हणजे बुचं बसवण्यापाशी. ग्लू गनने सकाळी चिकटवलेली बुचं दुपारी ऊन चढलं की टपाटप खाली. गरम गोंद उन्हात मऊ पडतो, हे एक झालं. पण सावलीत ठेवलेल्या नमुन्यावरही नख घातलं की गोंदाचा थर आख्खा सोलून यायचा, बुचावर कणही उरायचा नाही. दोन नळ्यांचं इपॉक्सी लावलं, थेंबाने लावायचा झटपट गोंद लावला, चपलांचा पिवळा गोंद लावला. पॉलिश पेपरने घासून खरबरीत केलेल्या बुचांवर इपॉक्सी त्यातल्या त्यात बरं धरतं, पण जाळी जरा वाकली की तेही सुटतं.

दोष गोंदाचा नाही, बुचाच्या जातीचा आहे. बाटल्यांची बुचं एचडीपीई किंवा पीपी या जातींच्या प्लास्टिकची असतात. ही दोन्ही मेणाच्याच कुळातली, कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. गोंदाने धरावं असं त्यांच्या पृष्ठभागावर काही नसतंच. कारखान्यात अशा प्लास्टिकवर छपाई करायची तर आधी ज्योत किंवा विजेचा झोत फिरवून पृष्ठभाग बदलून घेतात. तो मार्ग मी शाळेत वापरणार नाही. पोरांच्या हातात ज्योत नको, आणि किनाऱ्यावरून आलेल्या ढिगात पीव्हीसीचा (पाइपांच्या प्लास्टिकचा) तुकडा असला तर तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. आपल्यातले काही जण प्लास्टिक वितळवून जोडतात त्यांना कळकळीने सांगते, मुलं आसपास असताना ते करू नका.

याच गोंधळात एका मुलीने विचारलं, “बाई, मग प्रथमाला कसं चिकटलं?” प्रथमा म्हणजे रत्नागिरीतल्या वेळासच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२२ मध्ये उपग्रह ट्रान्समीटर बसवून सोडलेली ऑलिव्ह रिडले मादी. भिंतीवर तिचं कात्रण लावलंय, ते मुलांनी पाठ केलंय. असे ट्रान्समीटर कवच घासून, पुसून, इपॉक्सीनेच बसवतात. कासवाचे खवले केराटिनचे, आपल्या नखांसारखेच, आणि केराटिनला इपॉक्सी छान धरतं. मग सगळ्यांनी आपापल्या नखावर आणि बुचावर पाण्याचा एकेक थेंब ठेवून पाहिला. बुचावर थेंब गोल फुगून बसतो, नखावर पसरतो. ज्याला पाणी नीट भिजवत नाही, त्याला गोंद तरी कुठून भिजवणार? या एका प्रश्नाने माझ्या तक्त्यांपेक्षा जास्त शिकवलं.

तोडगा निघाला तो जाळ्यातून. हर्णै बंदरात जाळी दुरुस्त करणारे आजोबा ज्याच्या घरात आहेत असा एक मुलगा वर्गात आहे. तो म्हणाला, “चिकटवता कशाला? बांधा की.” दुसऱ्या दिवशी जाळं विणायची सुई आणि आजोबांना सोबत घेऊनच आला. आजोबांनी तासभर मांडी घालून पोरांना जाळ्याची गाठ शिकवली. आता प्रत्येक बुचाला गुंडीसारखी दोन भोकं, त्यातून दोरा, आणि मागे कोंबडजाळीला गाठ. दोरा पुळणीवर सापडलेल्या जाळ्यांतलाच, उकलून घेतलेला. एकेरी तंगूस (नायलॉनची एकसंध तार) घेऊ नका, तो गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. पिळाचा नायलॉन दोरा उत्तम. हिरवा जाड दोर ताठ असतो, त्याची गाठ दोनदा मारावी लागते.

भोकांसाठी हाताने फिरवायचं ड्रिल आणि २ मिलिमीटरचं पातं घ्या. विजेचं ड्रिल जोरात फिरतं, बूच तापून कडा वितळतात. आणि खाली ट्रेमध्ये ओलं फडकं हवंच. भोक पाडताना निघणारा कीस म्हणजे मायक्रोप्लास्टिक, तो अंगणात उडाला तर पावसाळ्यात पुन्हा समुद्रात जाणार. आम्ही तो बरणीत भरतोय. उन्हाने कडकलेली बुचं ड्रिल लागताच तडकतात, ती दुसऱ्या बरणीत. आता मुलं बूच नुसतं दाबून सांगतात, हे किती उन्हातलं असेल.

खवल्यांचं तर मला फार कौतुक वाटतंय. हिरव्या कासवाला आणि हॉक्सबिलला बाजूच्या खवल्यांच्या चार जोड्या, लॉगरहेडला साधारण पाच. ऑलिव्ह रिडलेला सहा ते नऊ, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. आमच्या गटाने डावीकडे सहा आणि उजवीकडे सात बसवले, आणि पाहुण्यांनी “चुकलंय” म्हटल्यावर चौघी एकदम म्हणाल्या, “नाही, रिडलेचं असंच असतं!” रंगही लावला नाही. ॲक्रिलिक रंग म्हणजे प्लास्टिकचाच लेप, मग प्रदूषणाबद्दल बोलताना तो कशाला फासायचा? करडी, हिरवट, मळकी बुचं वेगळी काढली की रिडलेचा रंग आपोआप येतो.

सामानाबद्दल थोडं. हस्तकलेच्या दुकानात ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून मिळणाऱ्या संचांत कोरी करकरीत बुचं आणि थर्माकोल असतो. कृपा करून घेऊ नका. त्यापेक्षा गावातल्या भंगारवाल्याशी बोला. आमचे भंगारवाले काका तुकडा हातात घेऊन, वाजवून, वाकवून प्लास्टिकची जात सांगतात, आणि मुलं त्यांच्याकडून ते शिकतायत. आम्ही त्याला बादलीची जोड दिली. समुद्राचं पाणी भरायचं, तुकडे टाकायचे. एचडीपीई, पीपी तरंगतं. पीईटी बाटलीचा तुकडा, पीव्हीसी, नायलॉन बुडतं. यावरून एका मुलाने काढलेला निष्कर्ष मी वहीत उतरवून ठेवलाय: किनाऱ्यावर बुचं जास्त आणि बाटल्या कमी दिसतात, कारण बूच निघालेली बाटली पाणी भरून तळाशी जाते. म्हणजे आपण पुळणीवर जे गोळा करतो ते सगळं नव्हेच.

आता बेत बदलतोय. आधी ठरलं होतं की कासव पूर्ण झालं की वार्निश मारून फाटकावर कायमचं टांगायचं. पण काल काका येऊन पाहून गेले आणि म्हणाले, “चिकटवलेलं असतं तर मी घेतलं नसतं. बांधलेलं आहे, सुटं होईल, तर घेईन.” गोंद, रंग, तार आणि चार जातींचं प्लास्टिक एकजीव झालं की ते पुनर्चक्रात जातच नाही. कलाकृतीचा हौसेचा काळ संपला की तिचाच कचरा होतो. त्यामुळे फाटक रद्द. उन्हात प्लास्टिक झिजून कण झडणार, म्हणून कासव व्हरांड्यातच राहील, वार्निशशिवाय, आणि वर्षाअखेरीस मुलंच ते सोडवून जातीनुसार पिशव्या भरतील. फ्लिपरसाठी (कासवाच्या वल्ह्यासारख्या पायांसाठी) आणलेल्या चपलांचे तळवे काका घेत नाहीत, तेवढ्याची सोय अजून लावायचीय.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. पुढचा उजवा फ्लिपर अजून नुसता कामट्यांचा आहे. पावसाळ्यात डहाणूच्या कासव उपचार केंद्रात जाळ्यात अडकून फ्लिपर गमावलेली कासवं येतात. आमच्या कासवालाही तो फ्लिपर लावूच नये, त्या जागी सापडलेल्या जाळ्याचा वेढा द्यावा. आजोबांना बोलवून हेही मुलांना ऐकवायचंय की संरक्षित समुद्री जीव सोडवायला मच्छीमाराने जाळं कापलं तर राज्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. फ्लिपर करणारा गट मात्र नाराज होईल, त्यांनी निळे तळवे आकाराने कापून ठेवलेत. सोमवारी वर्गात विचारते. तोपर्यंत कुणाला चपलांचे तळवे घेणारा ठाऊक असेल तर सांगा, रत्नागिरी किंवा रायगडात असला तरी चालेल.