तुम्ही विचारलंत म्हणून: युनिकॉर्न देऊन मोठी कधी घेणार?

"टीचर, ही देऊन आता मोठी घ्या की!" फेरीबोटीच्या धक्क्यावर, स्टाफरूममध्ये, चवथीला घरी जमलेल्या भाच्यांकडून, एकदा तर पेट्रोल भरणाऱ्या मुलाकडूनही हे ऐकून झालंय. ही म्हणजे माझी होंडा युनिकॉर्न, 2009ची. मोठी म्हणजे बहुतेकांच्या मनात बुलेट नाहीतर हिमालयन. माजी विद्यार्थी विचारतात तेव्हा त्यांना खरं तर स्वतःची पल्सर नाहीतर स्प्लेंडर देऊन मोठी घ्यायची असते, आणि माझ्या तोंडून होकार हवा असतो. तेव्हा त्यांना आणि बाकीच्या विचारणाऱ्यांना एकदमच सांगते.

मोठ्या गाडीशी माझं वैर नाही. भावाकडे रॉयल एनफील्डची क्लासिक 350 आहे आणि ती घेऊन मी गोव्याहून बेळगावला जाताना लागणारा चोर्ला घाट चढलेय, मागे वहिनी, दोन्ही बाजूंना पिशव्या. केरी सोडून अंजुणे धरणाच्या पुढे वळणं लागली की युनिकॉर्नवर माझा डावा पाय सारखा कामात असतो. तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा. क्लासिकने ते सगळं जवळजवळ एका गिअरमध्ये उरकलं. वहिनी मागून जांबोटीच्या चहाबद्दल बोलत होती आणि मला तिचं ऐकू येत होतं. युनिकॉर्नवर घाटात असं बोलणं होत नाही, कारण इंजिन तेव्हा जिवाच्या आकांताने ओरडत असतं.

पण हे का होतं ते नीट बघा, कारण शोरूममध्ये ते कुणी सांगत नाही. इंजिनाची ताकद बीएचपीत मोजतात. माझी युनिकॉर्न 13 बीएचपीच्या जराशी वर आणि वजन 146 किलो. क्लासिक 20 बीएचपीची, वजन 195 किलो. भागाकार करा. दर शंभर किलोमागे एकीकडे नऊ आणि दुसरीकडे दहा बीएचपी. म्हणजे ज्या ताकदीसाठी पैसे मोजायचे ती बरीचशी गाडी स्वतःलाच ओढण्यात घालवते. खरा फरक टॉर्कमध्ये, म्हणजे चाक फिरवायच्या जोरात आहे, तो दुपटीहून जास्त, 13च्या जागी 27 न्यूटन मीटर, आणि तोही इंजिन हळू फिरत असतानाच हाताशी येतो. घाटात गिअर पाडावा लागत नाही तो यामुळे. सपाट रस्त्यावर, बाणस्तारी ते जुने गोवे, पुढे वाळूचा ट्रक असताना या टॉर्कचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

गोवा आहे केवढा? उत्तरेच्या पत्रादेवीला निघालात की दक्षिणेच्या पोळे गावापर्यंत गोवा संपला. पणजीला मांडवीवर 2019 साली अटल सेतू झाला, त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. साडेसहाशे सीसीची इंटरसेप्टर असो की लूना, खालच्या जुन्या पुलानेच जायचं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरही तेच. आपल्याकडे मोठ्या बाइकला मोठा रस्ता मिळेलच असं नाही. तेव्हा कुणी मला "घेऊ का?" म्हणून विचारलं की मी उलट विचारते, घाटापलीकडे महिन्यातून किती वेळा जातोस? बेळगावला सासर असेल, दर पंधरवड्याला दोघं जात असाल, तर घे बाबा, मागच्या सीटवरचं माणूस दुवा देईल. "एकदा लडाखला जायचंय" हे उत्तर मात्र मी धरत नाही. लडाखला गाडी भाड्याने मिळते.

आता माझी गोष्ट. माझी शाळा दिवाडी बेटावर. माशेलहून निघायचं आणि जुन्या गोव्याला फेरीत चढायचं. ओहोटी असली की धक्क्याचा उतार आणखी तीव्र होतो आणि खालचा भाग ओला, शेवाळलेला. फेरीचा लोखंडी पत्रा पावसात साबण लावल्यासारखा. तिथे पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, ब्रेक हळूच लावत उतरायचं, समोर स्कूटरवाली आई आणि तिच्या पुढ्यात युनिफॉर्ममधलं पोर. आत गेल्यावर खलाशी ओरडतो, "पुढे घे, पुढे घे", मग पाठीमागे गाडी आली की "जरा मागे". माझी उंची पाच फूट दोन इंच. युनिकॉर्नची सीट 790 मिलिमीटरवर, दोन्ही पायांचे पंजे टेकतात, मी बसल्याबसल्या तिला मागे सरकवते. क्लासिकची सीट 805. फरक पंधरा मिलिमीटरांचा, पण सीट रुंद, त्यामुळे मांड्या फाकतात आणि टाचा उचलल्या जातात. भावाची गाडी मी एकदा मुद्दाम फेरीत नेली होती. पन्नास किलो जास्त म्हणजे अख्खी तांदळाची गोण, आणि ती डुलत्या पत्र्यावर मागे ढकलायची. खलाशानेच शेवटी मागची ग्रॅब रेल धरून ओढली. म्हणाला, "बाई, तुमची कुठे गेली?"

म्हणून मी तरी गाडी बघताना ती उभी असताना कशी वागते ते आधी बघते. नव्वदच्या वेगाला सगळ्याच गाड्या गोड वाटतात.

पैशांचं थोडक्यात. साडेतीनशे सीसी ही एक वेस आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि त्याच्या वरच्यांवर 40 झाला. क्लासिकचं इंजिन 349 सीसीचं आहे, म्हणजे ती वेशीच्या आत. नवी हिमालयन 452ची, ती बाहेर. विम्याचंही तसंच. 2022च्या दरांनी माझ्या 149 सीसीला थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, वर्षाला 714 रुपये, 350 सीसीपर्यंत 1,366, त्यावर गेलात की 2,804. नवी गाडी घेताना हा विमा पाच वर्षांचा एकदमच भरावा लागतो, हे हप्त्याच्या हिशेबात कुणी धरत नाही.

आणि एक्सचेंज. शोरूममधल्या मुलाने माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, सायलेन्सरवरचा गंज नखाने खरवडला, मीटर बघितला आणि बिलबुकाच्या मागे पेन्सिलीने आकडा लिहिला, बारा हजार. तसं त्याचं चुकलं नाही. पंधरा वर्षं उलटलेली गाडी, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली, बाजारात तिला तेवढंच. पण मग याला अदलाबदल का म्हणायचं? मोठी गाडी मी पूर्ण किमतीलाच घेणार आणि वर माझी जुनी जवळजवळ फुकट देणार. प्रश्न "ही की ती" असा नाहीच. नवी परवडते का हा एक हिशेब, आणि जुनी ठेवायला अंगणात जागा आहे का हा दुसरा. दोन्ही वेगवेगळे सोडवले तर डोकं शांत राहतं.

द्यायचीच असेल तर एक गोष्ट मात्र पाळा. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून घरी येऊन झोपू नका. आरसीवर नवं नाव चढेपर्यंत गाडी कायद्याने तुमचीच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हे स्पष्ट केलंय, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, गाडी पाच हातांतून फिरली असली तरी. आमच्या वाड्यावर एकाला दोन वर्षांनी, विकलेल्या गाडीचं चलन आलं होतं. ते तरी चलनच होतं, अपघात नव्हे.

आता सरळ उत्तर. शाळा दिवाडीला आहे तोवर माझी युनिकॉर्न कुठे जात नाही. तिला या महिन्यात नवा चेन-स्प्रॉकेट सेट आणि मागचा टायर घालतेय, खाऱ्या हवेने सायलेन्सर खाल्लाय तोही बदलेन. निवृत्तीनंतर बेळगावला बहिणीकडे जाणं वाढलं तर मोठी घेईन, पण वेशीच्या आतली, आणि युनिकॉर्नच्या शेजारी उभी करीन. लोक हसतील, हसू देत. माशेलच्या बाजारात मातोळीचं, चवथीला गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं सामान आणायला मोठी घेऊन कोण जाईल?

तुम्हाला घ्यायची असेल तर टेस्ट राइड जुलैत मागा, हायवेवर नको, आपल्या घरच्या वाटेवर. अंगणातून गाडी मागे काढून बघा, इंजिन बंद ठेवून, पायात पावसाळी चप्पल असताना. सोबतीला कुणी हवं असेल तर शनिवारी दुपारी मी मोकळी असते.