पाताळातलं घर

गेम डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला मी लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधला एकेक टप्पा रचायला, शिकवते. ‘रोल-प्लेइंग गेमसाठी पाताळाची एक लेव्हल उभी करा’ हा विषय दिला की बहुतेक गट एकाच वाटेनं जातात: लाव्हा, कवट्या, साखळ्या, लालभडक उजेड आणि शेवटी शिंगं असलेला बॉस, म्हणजे सगळ्यात दांडगा शत्रू. यंदा एका गटानं वैतरणीपासून यमाच्या दरबारापर्यंतचा प्रवास बांधला होता आणि काम पक्कं होतं. नदीच्या प्रत्येक वळणावरून दरबाराचं शिखर दिसायचं, त्यामुळे खेळणारा वाट चुकत नव्हता. दोन झटापटींच्या मध्ये दम खायला जागा होती. तरीही ती लेव्हल खेळून झाली की मनात काही राहत नव्हतं, आणि नेमकं काय कमी आहे ते गटालाही सांगता येत नव्हतं, मलाही.

प्लेटेस्टला, म्हणजे लेव्हल कुणाला तरी खेळायला देऊन तपासताना, आमचा नियम असा, की निदान एक माणूस कंट्रोलर कधीच हातात न धरलेला हवा. सरावलेला खेळाडू डिझाइनमधले खाचखळगे सवयीनं ओलांडून जातो. नवखा माणूस तिथंच अडतो, आणि आम्हाला तेच बघायचं असतं. या वेळी ग्रंथालयाच्या काउंटरवरच्या काकू यायला तयार झाल्या. वाचन दांडगं, पण गेम कधी खेळलेल्या नाहीत. त्यांना आधी ‘हेडीस’ द्यायचा आणि मग मुलांची लेव्हल, असं मी ठरवलं.

‘हेडीस’ हा सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपरजायंट गेम्सचा गेम. डिसेंबर २०१८ मध्ये तो अर्ध्यामुर्ध्या रूपात बाहेर आला, खेळणाऱ्यांचं ऐकत ऐकत वाढला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला. २०२१ मध्ये त्याला विज्ञानकथा आणि कल्पनारम्य साहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, जो तोवर कुठल्याच व्हिडिओ गेमला मिळाला नव्हता. हेडीस हा ग्रीक पाताळाचा राजा. त्याच्या मुलाला, झॅग्रियसला, बापाचं राज्य सोडून वर पृथ्वीवर जायचंय. टार्टरस, अ‍ॅस्फोडेल, इलिझियम आणि शेवटी स्टिक्सचं मंदिर, अशी वाट. खोल्या हातानं रचलेल्या आहेत, पण त्यांचा क्रम दर खेपेला बदलतो. झॅग्रियस मेला की स्टिक्स नदी त्याला ओढून नेते आणि तो बापाच्याच वाड्यातल्या रक्ताच्या कुंडातून वर येतो.

काकूंसाठी मी सेटिंगमधला गॉड मोड चालू केला. त्यात सुरुवातीला २० टक्के मार कमी बसतो आणि प्रत्येक मरणागणिक त्यात २ टक्क्यांची भर पडते, ८० टक्क्यांपर्यंत. शत्रू तेच, खोल्या त्याच. बळ मिळतं ते मरण्यातून. ही सोय ज्यांना सुचली त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

संवाद इंग्रजीत असल्यामुळे एका विद्यार्थ्याला काकूंच्या शेजारी बसवलं, मराठीत सांगायला. सुरुवातीला तो सपाट आवाजात सांगत होता. थोड्या वेळानं बापासाठी घोगरा आवाज आला, निद्रादेव हिप्नोससाठी पेंगुळलेला, आणि बाकीचा वर्ग आपापल्या खुर्च्या सोडून मागं गोळा झाला.

टार्टरसच्या सुरुवातीच्या खोल्यांमध्येच काकूंचा झॅग्रियस मेला आणि कुंडातून वर आला. समोर हिप्नोस. कशानं मेलास ते त्यानं यादीत बघून सांगितलं. पलीकडे कागदांच्या ढिगामागं बसलेल्या हेडीसनं टोमणा मारला. त्याच्या बाजूला तीन डोक्यांचा सर्बेरस. काकूंनी कंट्रोलर मांडीवर टेकवला. मला वाटलं, थांबल्या. पण त्या शेजारच्या मुलाला म्हणाल्या, “या कुत्र्याला कुरवाळता येतं का रे?” येतं. त्यांनी कुरवाळलं.

प्लेटेस्टमध्ये मी पडद्याकडे फारसं बघत नाही, खेळणाऱ्याच्या हातांकडे बघते. लढाईत काकूंची बोटं ताठ व्हायची. वाड्यात आल्यावर ती सैल पडायची, आणि त्या कुठल्याही लढाईपेक्षा तिथं जास्त रेंगाळायच्या. प्रत्येकाशी जाऊन बोलायच्या. रात्रीची देवी निक्स, तिच्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, “ही याची आई का?”

“त्याला लहानपणापासून तसंच वाटत आलंय, काकू.”

“वाटत आलंय म्हणजे? मग खरी कुठंय?”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. सगळ्या गेमचा कणा हाच प्रश्न आहे. झॅग्रियस आईला, पर्सेफनीला, शोधायला निघालाय. आणि काकू या प्रश्नापर्यंत एकही मोठी लढाई न जिंकता, नुसत्या घरात वावरून पोचल्या होत्या.

पुढं कधीतरी त्या मेगेरापर्यंत गेल्या. टार्टरसमधून बाहेर पडायच्या वाटेवर चाबूक घेऊन उभी असलेली ही सूडदेवता. तिनं त्यांना चांगलंच झोडपलं. परत येऊन बघतात तर मेगेरा वाड्यातल्या बैठकीत निवांत बसलेली.

“अगं बाई, ही तर तीच! हिनंच मारलं ना आत्ता?” क्षणभर थांबून म्हणाल्या, “नोकरी आहे बिचारीची. मालकानं सांगितलं म्हणून उभी राहते.”

मग मुलांची लेव्हल लावली. वैतरणीचा काठ, धुकं, पहिला यमदूत. काकू हरल्या. पडदा लाल, वर ‘तू मेलास’ ही अक्षरं, आणि पुन्हा तोच काठ. परत हरल्या, परत काठ. त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. गटातल्या मुलानं विचारलं, “कंटाळलात का, काकू?”

“कंटाळा नाही रे बाळा. पण इथं मला कुणी ओळखत नाही. मी परत आले काय नि न आले काय, कुणाला त्याचं काही नाही.”

यावर वर्गात बराच वेळ वाद झाला. एक मुलगी ठाम होती: “नरक भीतीदायकच हवा, मॅडम. तिथं ओळखीपाळखी कशाला?” मुद्दा रास्त होता आणि मी तो उडवून लावला नाही. पण भीती आणि यातना ‘हेडीस’मध्येही आहेतच. लाव्हासुद्धा आहे: अ‍ॅस्फोडेलचं कुरण तिथं फ्लेगेथॉन नदीच्या पुराखाली गेलंय. धोंडा ढकलत राहायची शिक्षा झालेला सिसिफस तो सोडू शकत नाही. युरिडिसी त्या लाव्हाच्या प्रदेशात एका खोलीत गाते आणि तिचा नवरा ऑर्फियस वाड्यात आहे. ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलिस वाड्यात पहारा देतो आणि त्याचा जिवलग पॅट्रोक्लस इलिझियममध्ये त्याच्याविना बसून असतो. ही ताटातूट लेखकानं नुसती संवादात सांगितलेली नाही, ती नकाशात बांधलेली आहे. एक माणूस वाड्यात, त्याचं माणूस कितीतरी खोल्या पलीकडे, आणि दोघांमध्ये ये-जा करू शकणारा फक्त खेळणारा. मधल्या लढाया म्हणजे ते अंतर. मी कितीतरी लेव्हल उलगडून बघितल्या आहेत. यापेक्षा सुंदर बांधणी मला क्वचितच सापडली.

काकू निघता निघता दाराशी थांबल्या. “आपला बळीराजा पण खालीच राहतो की. सुतळात. तिथं काय असा अंधार असतो होय?”

दुसऱ्या तासाला मी त्यावरच बोलले. अतल, वितल, सुतल करत पाताळापर्यंतचे सात लोक पुराणांत आहेत आणि नरक त्यांच्याहून वेगळा सांगितलाय. विष्णुपुराणात नारद पाताळ बघून येतो आणि ते स्वर्गापेक्षाही रमणीय आहे असं सांगतो. तिथं नागांच्या अंगावर मणी झळकतात. वामनानं खाली धाडलेल्या बळीच्या दाराशी भागवतातला विष्णू स्वतः राखणदार होऊन उभा राहतो. दिवाळीत ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ हे कानावर पडत मोठी झालेली ही मुलं. पाताळ म्हटल्यावर त्यांनी शिंगं काढली, कारण आजवर खेळलेल्या गेममध्ये त्यांना तीच भेटली होती. याचं मला वाईट वाटतं, आणि मुलांपाशी मी ते लपवलं नाही.

गटानं लेव्हल मोडून पुन्हा बांधायला घेतली आहे. बॉस गेला. मेल्यावर आता नदीकाठी नाही, चित्रगुप्ताच्या ओसरीवर जाग येते. पाळी संपलेले यमदूत तिथंच भिंतीला टेकून बसलेले असतात, मघाशी ज्यानं फास टाकला तोही. विरोध करणारी मुलगी ओसरीचा उजेड करतेय आणि तिनं तो मुद्दाम थोडा थंड ठेवलाय. तिचं म्हणणं तिनं सोडलेलं नाही, आणि ती जागा तशीच जास्त चांगली दिसते.

नवी अडचण लेखनाची आहे. चित्रगुप्त वही उघडून तुम्ही कशानं मेलात ते सांगतो, म्हणजे प्रत्येक मरणाला वेगळं वाक्य हवं: नावेतून पडून, फासात अडकून, मगरीच्या तोंडी, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा. लिहिणारा मुलगा टेकीला आलाय, सबमिशन तोंडावर आहे. मी त्याच्या गटाला सांगितलंय, हवं तर शत्रूंचे दोन प्रकार काढून टाका, शेवटचा पूलही बांधू नका. पण चित्रगुप्त एकच वाक्य दोनदा बोलता कामा नये.