डोळ्याची राखण

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा गॉगल साडीवर कुणालाच शोभत नाही. कडांनाही बंद, थेट कानशिलापर्यंत आलेला. तो लावून बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात गेले, तर ओळखीचा दुकानदार म्हणाला, “काय मावशी, सिनेमात काम मिळालं काय?” पलीकडच्या भाजीवालीनं मात्र कानडीत विचारलं, “ऑपरेशन आतेनरी अक्का?” (झालं का?) आणि मेथीची जुडी स्वतःच माझ्या पिशवीत टाकली. मला वाकू दिलं नाही.

दिवसाच्या गॉगलचं कारण कळतं. धूळ, वारा, आणि नव्या भिंगातून डोळ्यांवर येणारा उजेड. त्यात शेजारच्या गच्चीवर ब्याडगी मिरच्या वाळत पडलेल्या. मसाला कुटायचा हंगाम.

खरी गंमत रात्रीच्या वाटीची. भोकाभोकांची प्लास्टिकची वाटी डोळ्यावर ठेवायची आणि कपाळापासून गालापर्यंत चिकटपट्टी मारायची. घरात ना ऊन, ना वारा, मग ही राखण कुणापासून? आपल्याच हातापासून! जागेपणी हाताला डॉक्टरांचा धाक असतो. झोपेत डोळा खाजला की तो कुणाला विचारतोय? आत बुबुळाच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची चीर असते, बहुधा टाका न घालता आपोआप मिटणारी. तिला चोळणं परवडत नाही. एका पहाटे जाग आली तेव्हा माझी बोटं वाटीवरच होती, चिकटपट्टीचं टोक उचकटत.

आजीच्या वेळी चीर मोठी असायची. डोळ्यावर हिरवी पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि पुढे जन्मभर जाड भिंगांचा चष्मा. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक काचेचे तुकडे घुसले आणि डोळ्यांनी ते मुकाट सोसले. हे पाहून डोळ्यांचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनला डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. म्हणजे प्लास्टिकचा तुकडा चालतो, आपलं बोट चालत नाही. डोळ्याची पारख मला पटली.

सूनबाई ड्रॉप्स घालताना आधी स्वतःचे हात साबणानं धुते, मग माझ्या हातांकडे संशयानं बघते.

वडगावच्या वन्संचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. गॉगल आत्ताच मागून ठेवलाय त्यांनी, उरलेले ड्रॉप्सही. म्हटलं, गॉगल न्या धुऊन-पुसून. ड्रॉप्स मात्र तुमचे तुम्ही घ्या.